बुराकू बांधवांचे नेते जिइचिरो मात्सुमोतो



जपान म्हटलं की आपल्या लोकांना दोन गोष्टी आठवतात. एक म्हणजे तिथलं यंत्र आणि दुसरं म्हणजे तिथला बुद्ध. कामाकुराच्या त्या उघड्यावर बसलेल्या भव्य बुद्धमूर्तीचं चित्र आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात कॅलेंडरावर तरी येऊन गेलेलं असतं. म्हणून जपानमध्येसुद्धा अस्पृश्य होते असं सांगितलं, की माणसं एकदम गप्प होतात. बुद्धाच्या देशात शिवाशिव? होय, होती. चांगली तीनचारशे वर्षं पक्की मुरलेली होती. आणि तिच्याविरुद्ध उभे राहिलेले जिइचिरो मात्सुमोतो यांचं चरित्र आपल्या मुलाबाळांना माहीत असायला पाहिजे, म्हणून मी ते इथं मांडतो आहे.

आधी नावाचं सांगतो, कारण आपल्या जिभेला ते अवघड जातं. जि-इचि-रो असं तोडून म्हणावं. इचिरो म्हणजे पहिला मुलगा. जपानात हे नाव जुन्या वळणाचं समजतात. याच नावाचा एक पैलवानही जपानात होऊन गेला, जिइचिरो दाते. त्याने 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये 74 किलो वजनी गटात कुस्तीचं सुवर्णपदक घेतलं. आपले जिइचिरो मात्सुमोतो आखाड्यातले नव्हते, पण त्यांची कुस्ती या पैलवानाच्या कितीतरी आधीची आणि कितीतरी लांबलेली.

त्यांचा जन्म 18 जून 1887 चा. म्हणजे बाबासाहेबांपेक्षा पावणेचार वर्षांनी मोठे. दक्षिणेकडच्या क्यूशू बेटावर फुकुओका नावाचं शहर आहे, त्याच्या लगतच्या एका बुराकू वस्तीत ते जन्मले. बुराकू या शब्दाचा साधा अर्थ वस्ती किंवा वाडी. आपल्याकडे नुसतं वाडा म्हटलं तरी गावात कुणाचा वाडा ते कळायचं, तसंच तिथं झालं.

तोकुगावा घराण्याचं राज्य जपानवर 1603 पासून 1867 पर्यंत होतं. त्या राज्यात समाजाची उतरंड पक्की केली. वर सामुराई, मग शेतकरी, मग कारागीर, मग व्यापारी. आणि या सगळ्यांच्या खाली, मोजदादीच्या बाहेर, एता आणि हिनिन. एता हा शब्द ज्या अक्षरांनी लिहीत त्यांचा अर्थ घाणच घाण असा होतो, आणि हिनिन म्हणजे माणूस नसलेला. एता लोकांची कामं काय, तर मेलेली जनावरं ओढणं, कातडं कमावणं, फाशी देण्याच्या जागी राबणं. राहायचं गावाबाहेर, नदीच्या काठाला नाहीतर पाणथळ जागी. लग्न आपसातच. वरच्या जातीच्या दारात गेलं तर उंबऱ्याबाहेर. वाचणाऱ्याला वाटेल मी जपानचं सांगतो आहे की आपल्या आजोबांच्या गावचं. रंग तोच, चेहरा तोच, भाषा तीच, तरी माणूस वेगळा काढला.

आणि देवधर्म? तो बुद्धाचाच. यांच्यातले बहुसंख्य लोक बौद्ध, तेही जोदो शिनशू या मोठ्या पंथाचे. पण त्यांची देवळं वेगळी, आणि त्या देवळांना हिणवून एतांची देवळं म्हणत. जपानात माणूस मेला म्हणजे भिक्खू त्याला एक नवं धम्मनाव देतो, ते दगडावर कोरतात आणि विहाराच्या वहीत लिहितात. काही ठिकाणी बुराकू लोकांच्या मयतांना जी नावं दिली त्यांत जनावर या अर्थाचं अक्षर घातलेलं होतं. बिचाऱ्या घरच्यांना वाचता येत नव्हतं. ते त्या दगडापुढे पिढ्यान् पिढ्या उदबत्ती लावत राहिले. ही गोष्ट मी मुद्दाम लिहितो, कारण नुसतं धम्माचं नाव घेतलं की जात आपोआप गळून पडते असं आपल्यातले काही जण समजतात.

1871 साली सरकारने हुकूम काढून एता आणि हिनिन हे शब्द रद्द केले, सगळे सारखे म्हणून जाहीर केलं. कागदावर मुक्ती झाली. पण खानेसुमारीच्या वहीत कुठंकुठं त्यांच्या नावापुढं नवे नागरिक असा शेरा मारला. म्हणजे जुनं नाव गेलं आणि नवा शिक्का आला. त्या वह्या कुणालाही पाहता येत होत्या, त्या बंद व्हायला 1968 साल उजाडलं. आणि हुकूम निघाल्यावर दोनच वर्षांनी, 1873 मध्ये, फुकुओकाच्याच मुलखात शेतकऱ्यांचं मोठं बंड झालं, बांबूचे भाले घेऊन लोक निघाले. राग सरकारवर होता, कर होता, महागाई होती. पण वाटेत त्यांनी बुराकू वस्त्याच्या वस्त्या जाळल्या. जिइचिरो जन्मले त्याच्या चौदाच वर्षं आधीची ही गोष्ट. तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून काय काय ऐकत हे पोर वाढलं असेल याचा अंदाज आपण करू शकतो.

शिक्षणासाठी ते कियोतोला आणि तोकियोला गेले, पण शिक्षण पुरं झालं नाही. 1907 मध्ये वीस वर्षांचा हा तरुण समुद्र ओलांडून चीनमधल्या दाइरेन बंदरात गेला आणि पडेल ते काम करून तीन वर्षं काढली. 1910 ला परत आले आणि 1911 मध्ये बांधकामाची ठेकेदारी सुरू केली. मात्सुमोतो-गुमी हे कंपनीचं नाव. वस्तीतल्या लोकांना दुसरीकडे काम मिळत नव्हतं, ते या कंपनीत मिळालं. पुढे चळवळीला पैसा लागला तो इथूनच आला. ही बाब मला फार महत्त्वाची वाटते. आपल्या मुंबईच्या गिरण्यांत साचा खात्यात, म्हणजे विणकामात, पगार जास्त होता, पण तिथं आपल्या माणसाला घेत नसत. का, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागायचा आणि बाकीच्यांना विटाळ व्हायचा. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल उघड मांडला होता. काम हातात असल्याशिवाय मान ताठ राहत नाही, हे ज्याने खालून वर बघितलं त्यालाच कळतं. जिइचिरोंना ते कळलं होतं.

1916 मध्ये हाकाता इथल्या एका वर्तमानपत्राने बुराकू लोकांची हेटाळणी करणारा मजकूर छापला. चिडलेले लोक कचेरीत घुसले, मोडतोड झाली, आणि पोलिसांनी शेकड्यांनी माणसं पकडली. छापणारे मोकळे, वाचून चिडलेले आत. फुकुओकाच्या बुराकू तरुणांच्या मनात हे साल खोल रुतून बसलं.

मग 1921 साल आलं. फुकुओकाचा जुना सरंजामदार कुरोदा नागामासा, त्याच्या मृत्यूला तीनशे वर्षं होणार म्हणून मोठा उत्सव ठरला, आणि त्यासाठी घरोघर वर्गणी लावली. बुराकू वस्तीतही. जिइचिरोंनी सवाल केला, की ज्याच्या घराण्याने आमच्या बापजाद्यांना जनावरापेक्षा खाली ठेवलं त्याच्या उत्सवाला आम्ही पैसे का द्यायचे? त्यांनी माणसं जमवली, चिकुझेन क्योकाकुदान नावाची संघटना काढली आणि वर्गणीला विरोध केला. ही त्यांची पहिली उघड लढाई. तिचं कारण दिसायला लहान वाटतं, पण गावच्या जत्रेला वर्गणी द्यायची आणि पंगतीला मात्र लांब बसायचं, हा अनुभव ज्यांच्या घरात सांगितला जातो त्यांना ते लहान वाटणार नाही.

दुसऱ्याच वर्षी, 3 मार्च 1922 ला, कियोतो शहरात सगळ्या जपानमधल्या बुराकू लोकांची सभा भरली आणि सुइहेइशा ही संघटना जन्माला आली. सुइहेइ म्हणजे पाण्याची सपाटी, समतल. पाणी भांड्यात कसंही ओता, वरून सारखंच होतं, तशी माणसं सारखी, असं हे नाव. समता सैनिक दल हे नाव ज्यांच्या कानावर आहे त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. तिचा जाहीरनामा लिहिणारे सैको मानकिची हे स्वतः नारा प्रांतातल्या एका बुराकू बौद्ध मंदिरात जन्मलेले, पुजाऱ्याचे चिरंजीव. काळ्या कापडावर लाल काट्यांचा मुकुट असा झेंडा त्यांनी केला. आणि या संघटनेने पहिल्याच वर्षी होंगानजी या आपल्याच पंथाच्या दोन बड्या मठांना बजावलं, की पुढची वीस वर्षं आमच्या वस्त्यांतून दान गोळा करू नका. धर्म सोडला नाही, पण धर्माच्या गादीला जाब विचारला.

1923 च्या 1 मे रोजी क्यूशू बेटाची सुइहेइशा स्थापन झाली, तिचे अध्यक्ष जिइचिरो झाले. 1925 मध्ये ते सगळ्या देशाच्या संघटनेचे अध्यक्ष झाले आणि संघटना संपेपर्यंत राहिले. त्यांचा लढण्याचा मार्ग म्हणजे जाब विचारणं. कुणी बुराकू माणसाला जातीवरून हिणवलं, शाळेत मास्तर बोलला, दुकानदार बोलला, की दहापाच जण त्याच्या दारात जायचे आणि सगळ्यांसमोर माफी मागायला लावायचे. लेखी माफीपत्र घ्यायचे. यात कधीकधी हातघाईही झाली, हे खरं आहे. पण त्याआधी शेकडो वर्षं एकाही माणसाने एकदाही माफी मागितलेली नव्हती, हेही खरं आहे.

आता तोकुगावांचं बघा. राज्य गेलं तरी त्या घराण्याचे वारस सरदार म्हणून मिरवत होते. तोकुगावा इएसातो हे वरिष्ठांच्या सभागृहाचे, म्हणजे सरदारांच्या सभागृहाचे, 1903 पासून 1933 पर्यंत तीस वर्षं अध्यक्ष होते. 1924 मध्ये सुइहेइशाने ठराव केला, की तुमच्या पूर्वजांनी आम्हांला या खड्ड्यात घातलं, तेव्हा निदान सरदारकी तरी सोडा. पुढे काही महिन्यांत पोलिसांनी जिइचिरोंना तोकुगावांच्या खुनाचा कट केल्याच्या आरोपाखाली पकडलं. एक सहकारी कोठडीतच वारला. जिइचिरो शिक्षा भोगून बाहेर आले. हे तोकुगावांचं नाव वाचकांनी ध्यानात ठेवावं, पुढे त्याचं काम आहे.

यापेक्षा मोठं संकट 1926 चं. फुकुओकाच्या पलटणीत बुराकू वस्तीतल्या जवानांचा छळ होत होता, शिव्या होत्या, वेगळं वागवणं होतं. सुइहेइशाने आवाज उठवला, लष्कराने सुधारणा करू असं मान्य केलं आणि मग शब्द फिरवला. नोव्हेंबरमध्ये पोलिसांनी धरपकड केली आणि पलटणीच्या बराकी बाँबने उडवण्याचा कट रचला असा आरोप जिइचिरोंवर ठेवला. जिइचिरोंनी तो शेवटपर्यंत नाकारला. साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. कोर्टकचेऱ्या होऊन 1929 मध्ये ते तुरुंगात गेले आणि 1931 च्या डिसेंबरात सुटले. दरम्यान 1927 मध्ये किताहारा ताइसाकू नावाच्या एका बुराकू शिपायाने नागोया इथल्या संचलनात रांग सोडून थेट सम्राटाच्या घोड्याकडे धाव घेतली आणि पलटणीतल्या जातिभेदाविरुद्ध अर्ज पुढे केला. त्यालाही तुरुंग मिळाला. ते वर्ष आपल्या महाडच्या चवदार तळ्याचं. तिकडच्यांना इकडचं माहीत नव्हतं, इकडच्यांना तिकडचं.

1933 चा ताकामात्सुचा खटला तर ऐकून अंगावर काटा येतो. दोघा बुराकू भावांनी एका मुलीशी लग्नाची बोलणी केली, पण आपण बुराकू आहोत हे सांगितलं नाही. त्याबद्दल कोर्टाने मुलीला फसवून पळवल्याचा गुन्हा लावून दोघांना शिक्षा ठोठावली. म्हणजे 1871 च्या हुकमाने जात रद्द, आणि कोर्टाच्या निकालाने जात सांगणं सक्तीचं! जिइचिरो तुरुंगातून नुकतेच आलेले. त्यांनी देश ढवळून काढला. गावोगाव सभा झाल्या, क्यूशूहून तोकियोपर्यंत मोर्चा निघाला. वाटेत ज्या वस्त्या लागल्या त्यांनी भाकरतुकडा दिला. निकाल रद्द झाला नाही, पण भावांची मुदतीआधी सुटका करावी लागली. या मोर्च्याने जिइचिरो मात्सुमोतो हे नाव घरोघर गेलं आणि 1936 च्या निवडणुकीत ते फुकुओकातून लोकसभेवर निवडून आले. तिथं जाऊन त्यांनी काय विचारलं, तर सरदारकी कधी रद्द करणार. काळ युद्धाच्या तयारीचा, सम्राटाच्या नावाने सगळे मान खाली घालत होते, आणि हा माणूस ही गोष्ट सभागृहात उभं राहून विचारतो.

पण चरित्र लिहायचं तर सगळं लिहावं. युद्ध जसं वाढलं तसं सरकारपुढे सगळ्याच संघटना वाकल्या. 1942 मध्ये सुइहेइशा कायद्याने संपली. त्याच वर्षीच्या निवडणुकीत जिइचिरो सरकारी शिफारशीच्या यादीतून उभे राहिले आणि निवडून आले. काही अभ्यासक म्हणतात वस्त्या वाचवायला दुसरा मार्ग नव्हता, काही म्हणतात मोठी चूक झाली. माझं मत असं, की ज्याने दोनदा तुरुंग भोगला तो भित्रा नव्हता, पण त्या यादीत नाव नसतं तर बरं झालं असतं. त्याची किंमत त्यांनी पुढे चुकवलीच.

1945 मध्ये जपान हरला. 1946 मध्ये जिइचिरोंनी जुने सवंगडी गोळा करून बुराकू मुक्तीची राष्ट्रीय समिती काढली. 3 मे 1947 रोजी नवी राज्यघटना लागू झाली. तिच्या 14 व्या कलमात सामाजिक दर्जा किंवा घराणं यावरून भेदभाव करता येणार नाही असं लिहिलं, आणि सरदारकी त्याच कलमाने रद्द झाली. सरदारांचं सभागृह मोडून त्या जागी लोकांनी निवडलेलं सभागृह आलं. आणि त्या नव्या सभागृहाचा पहिला उपाध्यक्ष कोण? समाजवादी पक्षातर्फे निवडून आलेले जिइचिरो मात्सुमोतो. ज्या सभागृहावर तोकुगावांनी तीस वर्षं अध्यक्ष म्हणून राज्य केलं, ज्यांच्या नावाने जिइचिरोंना तुरुंगात टाकलं होतं, त्याच्या जागी आलेल्या सभागृहाच्या उच्चासनावर एका एताचा मुलगा बसला.

तिथली एक चाल होती. संसद उघडायला सम्राट येत, तेव्हा पदाधिकारी त्यांच्या खोलीत मुजऱ्याला जात. सम्राटाला पाठ दिसू नये म्हणून परतताना खेकड्यासारखं आडवं आडवं चालत बाहेर पडायचं. जानेवारी 1948 मध्ये जिइचिरोंची पाळी आली. त्यांनी आडवं चालायला साफ नकार दिला. माणसाने माणसापुढे सरळ चालावं, एवढंच त्यांचं म्हणणं. सगळ्या जपानात या गोष्टीची चर्चा झाली. गावच्या पाटलापुढून जाताना वहाणा हातात घेणारी माणसं आपल्या घरात होती, त्यांच्या वारसांना या चार पावलांची किंमत कळेल.

पुढच्याच वर्षी, 1949 मध्ये, सरकारने त्यांना सार्वजनिक पदावरून काढून टाकलं. कारण दाखवलं युद्धकाळातल्या संबंधांचं. ज्यांनी युद्ध चालवलं त्यांच्यातले कितीतरी सुखरूप राहिले आणि हे गेले, म्हणून लोकांना खेकडेचाल आठवली. सह्यांची मोहीम झाली, आणि 1951 मध्ये बंदी उठली. 1953 ला ते पुन्हा निवडून आले. चीन-जपान मैत्री संघाचे अध्यक्षपद त्यांनी सांभाळलं, जगातल्या शांतता परिषदांना गेले. 1955 मध्ये समितीचं नाव बुराकू मुक्ती लीग झालं आणि तिचेही अध्यक्ष तेच.

माणूस म्हणून ते कसे होते? अंगाने दणकट, दाढी राखलेली. लग्न केलं नाही. दारू नाही, तंबाखू नाही, जुगार नाही. आणि गळ्यात टाय कधी बांधला नाही, संसदेतसुद्धा. आपले बाबासाहेब नेहमी सुटाबुटात, टाय लावून. कारण ज्यांना चिंध्या घालायला लावल्या त्यांचा पुढारी नीटनेटका दिसला पाहिजे. जिइचिरोंनी टाय नाकारला, कारण त्यांना तो साहेबी गळफास वाटत असावा. मला दोन्ही बरोबर वाटतात. ते दुसऱ्याचा अपमान करत नसत आणि स्वतःचा करून घेत नसत, हा त्यांचा जन्मभराचा नेम होता.

त्यांच्या म्हातारपणीची मोठी लढाई सरकारी जबाबदारीची. वस्त्यांत गटार नाही, पाणी नाही, पोरं शाळेत टिकत नाहीत, याला वस्तीवाले जबाबदार की सरकार? रेट्याने 1960 मध्ये चौकशी मंडळाचा कायदा झाला आणि ऑगस्ट 1965 मध्ये मंडळाने अहवाल दिला, की हा प्रश्न सोडवणं हे राज्याचं काम आणि सगळ्या देशाचं काम आहे. एवढं पाहून, 22 नोव्हेंबर 1966 रोजी, वयाच्या 79 व्या वर्षी जिइचिरो वारले. वस्त्या सुधारण्याचा खास कायदा 1969 मध्ये आला आणि मुदती वाढत वाढत 2002 पर्यंत चालला. घरं झाली, रस्ते झाले. 1993 च्या सरकारी पाहणीत अशा 4,442 वस्त्या आणि त्यांत सुमारे 9 लाख बुराकू लोक मोजले गेले.

घरं झाली, पण वस्त्यांची नावं लपली नाहीत. 1975 मध्ये उघडकीला आलं, की देशातल्या बुराकू वस्त्यांच्या याद्या छापून चोरून विकल्या जात होत्या आणि मोठमोठ्या कंपन्या त्या विकत घेत होत्या, नोकरीला आलेल्या पोराचा पत्ता ताडून बघायला. लग्नाआधी गुप्तहेर लावून मुलाची कुळी काढणं हेही चालू होतं. अखेर डिसेंबर 2016 मध्ये बुराकू भेदभाव संपवण्यासाठी वेगळा कायदा करावा लागला.

मठांचं काय झालं ते सांगून थांबतो. 1979 मध्ये अमेरिकेत प्रिन्सटन इथं सर्वधर्मीयांची शांतता परिषद भरली होती. तिथं जपानच्या बौद्धांच्या वतीने गेलेल्या एका बड्या धर्मगुरूंनी जपानमध्ये आता बुराकू भेदभाव उरलेला नाही असं सांगितलं आणि अहवालातला तसा उल्लेख काढायला लावला. बुराकू मुक्ती लीगने परत आल्यावर त्यांना जाब विचारला, अगदी जिइचिरोंच्या पद्धतीने, आणि काही वर्षांनी त्यांनी आपले शब्द मागे घेतले. मग त्यांच्या सोतो पंथाने स्वतःच्या मंदिरांतल्या जुन्या वह्या तपासायला घेतल्या. जनावराची अक्षरं घातलेली ती मयतांची नावं एकेक करून शोधली गेली, त्या माणसांना नवी धम्मनावं दिली गेली आणि दगड बदलले गेले.